काडीमोडानंतर घर कोणाचे?

1955 चा हिंदू विवाह कायदा वर्गात शिकवून झाला, घटस्फोटाची कारणे फळ्यावर लिहून झाली, आणि मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, "सर, घटस्फोट झाला की बायकोला निम्मे घर मिळते ना?" अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. परदेशी नटनट्यांच्या घटस्फोटांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येतात, त्यात निम्म्या इस्टेटीचा उल्लेख हटकून असतो. त्यावरून सर्वांचा तसा समज झालेला असावा. मी "नाही" असे उत्तर दिले तेव्हा तिचा दुसरा प्रश्न आला, "मग काय मिळते?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर पुरे करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत विवाह मोडण्याला जे शब्द आहेत त्यांच्यापासून सुरुवात करू. 'काडीमोड' म्हणजे जातपंचायतीच्या साक्षीने गवताची काडी मोडणे. ही काडी मोडली की नाते संपले. 'सोडचिठ्ठी' म्हणजे सोडल्याची चिठ्ठी. ती बहुधा नवऱ्याने द्यायची. 'घटस्फोट' हा आज प्रतिष्ठित झालेला शब्द मुळात विवाहाचा नव्हेच. पतिताला जातीबाहेर टाकताना त्याच्या नावाने घट फोडण्याचा जो विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे, तेथून तो आला. या सर्वांत एकच शब्द हिशेबाचा आहे, तो म्हणजे 'फारखत'. देण्याघेण्यातून मोकळे केल्याचा लेख तो फारखत. सावकार ऋणकोला फारखत देई, भाऊ भावाला देई आणि नवरा बायकोलाही देई. भावाभावांच्या फारखतीत जमीन, घर, भांडी, गुरे यांची यादी असे. नवरा-बायकोच्या फारखतीत मात्र वाटणीची यादी नसे. असलाच तर लग्नाच्या खर्चाचा आणि घातलेल्या दागिन्यांचा हिशेब असे. शब्द एकच, पण भावाला तो वाटा देऊन जाई आणि बायकोला रिकाम्या हाताने पाठवी.

पुष्कळ जातींत काडीमोड आणि पाट या रूढी चालत असल्या तरी उच्चवर्णीय हिंदूंना कायद्याने घटस्फोट नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये आणि बडोदे संस्थानात सयाजीरावांनी 1931 मध्ये तो आणला. मुंबई प्रांतात 1947 मध्ये तसा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी ज्या हिंदू संहिता विधेयकासाठी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, ते पुढे तुकड्यातुकड्यांनी 1955 आणि 1956 मध्ये संमत झाले व विवाहविच्छेद सर्व हिंदूंना खुला झाला. विवाह मोडण्याचा दरवाजा असा उघडला. पण त्या दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्या बाईने बरोबर काय न्यावे याबद्दल कायदा जवळजवळ मुका राहिला.

'जवळजवळ' म्हणण्याचे कारण कलम 27. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास आलेल्या, आणि दोघांच्या मिळून मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंबाबत न्यायालयाला हुकूमनाम्यात योग्य ती तरतूद करता येते, असे ते कलम सांगते. म्हणजे आहेराची भांडी, कपाट, पलंग, फार तर शिलाई मशीन. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ थोडा सैल केला आणि लग्नाशी संबंधित असलेली वस्तू आधी वा नंतर दिलेली असली तरी चालेल असे म्हटले. पण पंधरा वर्षांच्या संसारात दोघांनी जमवलेले घर कलम 27 च्या कक्षेत येतच नाही. संसाराच्या पहिल्या दिवशी काय होते याची कायदा चौकशी करतो, शेवटच्या दिवशी काय आहे याची नाही!

दुसरा आधार स्त्रीधनाचा. तो जुना आहे आणि भक्कम आहे. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले. याज्ञवल्क्याने तर नवऱ्याने स्त्रीधन वापरले असता ते परत न करण्याची मुभा केवळ चार प्रसंगी दिली: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. एरवी परतफेड करायचीच. 1956 च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली, आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सासरी ठेवलेले स्त्रीधन ही सासरच्यांकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ते दाबून ठेवले तर फौजदारी गुन्हा होतो. तेव्हा पाटल्या, बांगड्या, माहेरने दिलेली रक्कम ही तिची. अडचण पुराव्याची. लग्नात कोणी कोणाला किती तोळे घातले याची पावती कोण ठेवतो? सोनाराचे बिल बहुधा वडिलांच्या नावाचे असते आणि दागिने सासूच्या कपाटात असतात. लग्नातले फोटो अशा वेळी पुराव्याला उपयोगी पडतात, हे ऐकून वर्ग हसला होता. पण ते खरे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हिंदू विवाह कायद्यान्वये विवाह झाल्याने पती-पत्नींची मालमत्ता एक होत नाही. ज्याच्या नावावर, ज्याच्या पैशाने, त्याचे घर. हे तत्त्व वरवर पाहता समान वाटते, कारण बायकोच्या नावावरच्या घरावर नवऱ्याचाही हक्क नाही. परंतु ज्या समाजात घरे, जमिनी पुरुषांच्या नावावर असतात तेथे या समानतेचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. विशेष असे की, आपला हिंदू कायदा पत्नीला वाटा द्यायला तत्त्वतः तयार नाही असेही नाही. पुढील तीन प्रसंग पाहा.

पहिला प्रसंग वाटणीचा. मिताक्षरा पद्धतीत, आणि विशेषतः आपल्या मुंबई शाखेत, बाप आणि मुलगे यांच्यात एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की आईला मुलाइतकाच वाटा निघतो. तिला स्वतः होऊन वाटणी मागता येत नाही, पण वाटणी झालीच तर तिला वगळता येत नाही. दुसरा प्रसंग मृत्यूचा. 1937 मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला, आणि 1956 पासून ती पहिल्या वर्गाची वारस आहे. हे दोन्ही प्रसंग एकत्र आले की काय होते ते 1978 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात आकड्यांनी दिसते. कुटुंबात पती, पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पती वारला. न्यायालय म्हणाले, मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे समजा: पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. मग पतीचा चतुर्थांश सहा वारसांत वाटा: प्रत्येकी एक चोविसांश. विधवेला स्वतःचे सहा चोविसांश आणि वारसाहक्काचा एक, मिळून सात चोविसांश मिळाले. तिचा वाटा प्रत्येक मुलाच्या वाट्याएवढाच झाला.

तिसरा प्रसंग विवाह मोडण्याचा. तीच बाई, तेच घर, तीच शेती, तेवढीच वर्षे. नवरा जिवंत आहे आणि दोघे विभक्त होत आहेत. तिचा वाटा शून्य. मुलांच्या भांडणाने घर फुटले तर तिला हिस्सा, मृत्यूने फुटले तर हिस्सा आणि नवरा सरकारी नोकर असेल तर वर कुटुंब निवृत्तिवेतन. पण तिच्या स्वतःच्या विवाहाच्या मोडण्याने फुटले तर काही नाही. महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि साऱ्या देशात 2005 मध्ये मुलगी जन्मतः सहदायाद झाली, ही मोठी सुधारणा होती यात शंका नाही. लेकीला माहेरच्या घरात जागा मिळाली. सुनेला मात्र सासरच्या घरात मिळाली नाही. माझ्या मते आपल्या कौटुंबिक कायद्यातील ही सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि तिच्याबद्दल जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही.

यावर असे उत्तर देतात की, वाटा नसला तरी पोटगी आहे. आहे. कलम 24 खाली दावा चालू असेपर्यंतची आणि कलम 25 खाली कायमची पोटगी मागता येते. न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन पाहून रक्कम ठरवते आणि जरूर तर तिचा बोजा स्थावर मिळकतीवर चढवते. पूर्वी उत्पन्न लपवण्याचे प्रकार सर्रास चालत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे असा दंडक घातल्यापासून त्याला थोडा आळा बसला. तरीही पोटगी आणि वाटा यांत फरक आहे, तो रकमेचा नव्हे. वाटा हा हक्काने मिळतो. पोटगी गरज सिद्ध केल्यावर मिळते. वाटा मागणारा भागीदार असतो आणि पोटगी मागणारी आश्रित. एकाच घरात आयुष्याची वीस वर्षे घातलेल्या बाईला न्यायालयात 'मी निराधार आहे' असे सांगत उभे राहावे लागते, 'हे मीही उभे केले' असे म्हणता येत नाही. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली आणि टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न महाराष्ट्रापुढे आला, त्या वेळी पोटगी तर दूरच, राहायला छप्पर हाच कित्येकींचा पहिला प्रश्न होता.

छपरासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 ने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घरावर तिचे नाव असो वा नसो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घर यात येते की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'येत नाही' म्हटले आणि 2020 मध्ये तो निर्णय फिरवून 'येऊ शकते' म्हटले. पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यानंतर तो किती टिकवायचा यासाठी पुन्हा झगडावे लागते.

आता थोडे दक्षिणेकडे जाऊ. सावंतवाडी तालुक्यातील बांदा ओलांडले की पत्रादेवीचा नाका लागतो आणि पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका सुरू होतो. बोली तीच, देव तेच, भातशेती आणि माडपोफळी त्याच. पण बांद्यातल्या आणि पेडण्यातल्या दोन जोडप्यांचे विवाह एकाच दिवशी, आपापल्या गावी झाले आणि एकाच दिवशी मोडले, तर दोन बायकांच्या हाती येणारे अगदी वेगळे असते.

पोर्तुगालचा 1867 चा नागरी कायदा 1870 पासून गोव्यात लागू झाला. घटस्फोट त्यात 1910 मध्ये, पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर लगेच आला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तरी 1962 च्या कायद्याने तेथील कायदे चालू ठेवण्यात आले, म्हणून हा कौटुंबिक कायदा टिकला आणि तो हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना लागू राहिला. (हिंदूंच्या काही रूढींना 1880 च्या हुकुमाने सवलत दिली होती, तो वेगळा विषय.) त्यानुसार लग्नाआधी वधूवरांना करारनामा करता येतो. मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवायची, की लग्नानंतर मिळवलेली तेवढी सामायिक करायची, की हुंड्याच्या विशेष पद्धतीने जायचे, हे त्यांनी ठरवायचे. काहीच ठरवले नाही तर, आणि बहुतेक जण काहीच ठरवत नाहीत, दोघांची सर्व मालमत्ता एकत्र होते. त्याने आणलेली, तिने आणलेली, पुढे मिळवलेली, वारशाने येणारीदेखील. प्रत्येकाचा अर्धा. घर नवऱ्याने विकायचे म्हटले तर बायकोची सही लागतेच. केंद्राच्या आयकर कायद्यालासुद्धा ही वस्तुस्थिती मानावी लागली: 1961 च्या कायद्यात कलम 5अ घालून अशा जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरण्याची सोय करण्यात आली. परदेशी नट्यांच्या ज्या निम्म्या इस्टेटीबद्दल वर्गात कुतूहल होते, तिचे मूळही फार दूर नाही. कॅलिफोर्नियातील सामायिक मालमत्तेचा नियम स्पॅनिश कायद्यातून आला, आणि स्पेन व पोर्तुगाल हे तर सख्खे शेजारी.

पेडण्याच्या त्या जोडप्याचा विवाह मोडला की 'इन्व्हेंटरी'चे काम चालते. घर, बागायत, दागिने, बँकेतील ठेव, तसेच डोक्यावरचे कर्ज या सर्वांची यादी होते, किंमत ठरते, देणी वजा होतात आणि उरेल त्याचे दोन भाग. घराच्या मधोमध भिंत घालता येत नाही अशा वेळी हितसंबंधितांमध्येच बोली लावली जाते. जास्त बोलणाऱ्याने घर घ्यायचे आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचे पैसे द्यायचे. 2012 च्या गोव्याच्या कायद्याने, जो 2016 अखेर अमलात आला, या कामाची नवी चौकट घातली. मुंबईत घरे घेतलेल्या गोवेकरांनीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोव्याचा अधिवासी मरण पावला तर त्याच्या गोव्याबाहेरील भारतातील मिळकतीचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरेल.

गोव्यात सर्व आलबेल आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही. मालकी दोघांची असली तरी मूळ कायद्याने कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता, आणि कारभार ज्याच्या हाती त्याला रोकड आणि दागिने इकडचे तिकडे करणे सोपे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींकडून हक्क सोडल्याचे दस्त करून घेण्याची पद्धत तेथेही आहे. शिवाय कर्जही निम्मे वाट्याला येते हे विसरून चालत नाही. पण पेडण्याची बाई न्यायालयात शिरते ती निम्म्याची धनीण म्हणून. वाद राहतो तो यादीत काय आहे आणि काय दडवले एवढाच. बांद्याच्या बाईला आधी आपण यादीत का असावे हेच सिद्ध करावे लागते.

दिल्लीत प्रयत्न झाला नाही असे नाही. 2010 मध्ये विवाह कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून पत्नीला हिस्सा देण्याची कल्पना पुढे आली. वडिलोपार्जित मिळकत धरायची की नाही यावर बरीच ओढाताण होऊन ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेने ते संमत केले. लोकसभेत ते पडून राहिले आणि 2014 मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. न्यायालयांतून मात्र तुरळक उजेड दिसतो. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका दाव्यात म्हटले की, नवरा परदेशी कमवत असता घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांमुळेच मिळकत घेणे शक्य झाले, तेव्हा त्या मिळकतीत तिचा समान हिस्सा आहे. हा निर्णय घटस्फोटाच्या दाव्यातला नव्हता आणि महाराष्ट्रावर बंधनकारकही नाही, पण स्वयंपाकघरातले काम मालकीच्या हिशेबात धरले गेले, ही त्याची नवलाई. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना आपली काही जमीन बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले. कायद्याची वाट न पाहता पुष्कळांनी ते मनावर घेतले होते.

शहरातल्या नोकरदार जोडप्यांचा प्रश्न याहून निराळा आणि फार गुंतागुंतीचा. समजा, दोघेही मिळवते आहेत. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो. किराणा, शाळेची फी, दवाखाना, औषधे बायकोच्या पगारातून. दहा वर्षांनी विवाह मोडला. नवऱ्याकडे हप्त्यांच्या नोंदी आहेत, बायकोकडे काय आहे? खाल्लेल्या भाताचा पुरावा कोणी ठेवत नाही. तिने हप्ता भरला असता आणि त्याने किराणा, तर चित्र उलटे झाले असते. खर्च मात्र तेवढाच. घर दोघांच्या नावे असले तर निदान भांडण मालकीचे राहत नाही, किमतीचे राहते. एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यावा किंवा घर विकून, कर्ज फेडून उरलेले वाटावे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात, ज्याची सोय 1976 मध्ये कलम 13ब घालून झाली, अशा अटी दोघे लिहून देतात व कौटुंबिक न्यायालय त्यांना हुकूमनाम्यात घेते. इथे एक खड्डा आहे तो सांगून ठेवतो. घर तिला आणि हप्ते त्याने भरायचे, असे दोघांचे ठरले तरी बँक त्या ठरावात पक्ष नसते. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर त्याने हप्ते थांबवल्यावर बँक तिच्याही दारात येते. तेव्हा सहीपूर्वी कर्ज एकाच्या नावे करून घेणे, सोसायटीच्या भागपत्रावरील नाव बदलणे आणि दस्त नोंदवणे ही कामे हुकूमनाम्याइतकीच महत्त्वाची.

त्या तासानंतर मी वर्गाला एक काम सांगितले होते. घरी जाऊन घर कोणाच्या नावावर आहे ते पाहून या: शहरात भागपत्र, गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, शेतीला सातबारा. बहुतेकांनी यापूर्वी हे कागद हातात धरलेले नव्हते. प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी तासाआधीच भेटली. म्हणाली, "घर आजोबांच्या नावावर आहे सर, शेती बाबांच्या आणि काकांच्या. आईच्या नावावर गॅसचे पुस्तक आहे."